शंभरपर्यंत म्हणतो, पण चार चमचे देत नाही

ऑटिझम असलेल्या मुलांचं गणित आणि रोजची कामं, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. उत्तरं विशेष शिक्षक आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं स्वतः करायला शिकवणारे तज्ज्ञ) यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा आहे. एक ते शंभर घडाघडा म्हणतो, उलटेही म्हणतो. सोसायटीतल्या सगळ्या गाड्यांचे नंबर पाठ. पण ‘चार चमचे दे’ म्हटलं की डबाच उपडा करतो. शाळेत सांगतात, गणित चांगलं आहे. मग हे काय?
— आई, सांगली

उत्तर : त्याला आकडे येतात, त्यांचा क्रम येतो. मोजून देणं हे मात्र वेगळंच काम आहे. ‘चार’ डोक्यात धरून ठेवायचं, एका वस्तूला एकच आकडा लावायचा आणि चार झाले की हात आवरायचा. यातलं एका वस्तूला एक आकडा लावणं बऱ्याच मुलांना जमतं, घोडं अडतं ते ‘चार’ लक्षात ठेवून थांबण्यापाशी. म्हणायला सुरुवात झाली की पुढचा आकडा आपोआप येतो, आणि कुठे थांबायचं ते तुमच्या तोंडून निघालेल्या एका शब्दात असतं. तो शब्द केव्हाच विरलेला असतो. म्हणून थांबायची जागा त्याला डोळ्यांनी दिसेल अशी करून द्या.

दुकानातून अंड्यांचा कोरा कागदी ट्रे मागून आणा. अंडी ठेवलेला नको, त्याला जंतू चिकटलेले असू शकतात. सहा खळग्यांच्या पाच ओळी, असे त्यात तीस खळगे असतात. दोन बाय पाचचे बरोबर तीन तुकडे निघतात, ते पुढे दहापर्यंतच्या कामासाठी ठेवून द्या. दुसऱ्या ट्रेमधून दोन, तीन, चार आणि पाच खळग्यांच्या पट्ट्या कापा. सुरुवात तीनपासून करा. अक्रोड खळग्यात छान बसतात. मूल वस्तू तोंडात घालत असेल तर लिंबं किंवा मोठे प्लॅस्टिकचे चेंडू घ्या.

तीनची पट्टी समोर, डावीकडे वाटी. पहिल्या दिवशी वाटीत तीनच अक्रोड ठेवा, म्हणजे काम काय ते कळेल. दुसऱ्या दिवसापासून वाटीत सात. ही उडी लवकर घ्यायलाच हवी. तीनच अक्रोडांवर आठवडाभर रेंगाळलात तर मूल ‘वाटी रिकामी करायची’ हे शिकतं, आणि मग ते मोडायला महिना जातो. तुमचा मुलगा डबा उपडा करतो त्यामागे हेच असण्याची शक्यता बरीच आहे. खळगे भरल्यावर चौथ्या अक्रोडाकडे हात गेला तर ‘थांब, नको, पुरे’ असं काही बोलू नका. वाटीवर झाकण ठेवा, भरलेली पट्टी उचला, एकदाच म्हणा, ‘तीन’.

पट्टी जमली की तिच्या जागी तीन वर्तुळं काढलेलं सपाट पुठ्ठ्याचं कार्ड. मग ३ हा आकडा आणि खाली बारीक तीन ठिपके. मग नुसता आकडा आणि रिकामी ताटली. सगळ्यात शेवटी नुसता तोंडी शब्द. प्रत्येक पायरी सलग तीन दिवस, पाचपैकी चार वेळा बरोबर आली की पुढे जा. कुठे घसरलं तर एकच पायरी मागे या, थेट ट्रेपाशी जाऊ नका. वस्तूही बदलत राहा: झाकणं, चिमटे, चमचे. नाहीतर ‘तीन’ म्हणजे तीन अक्रोड एवढंच त्याच्या लेखी खरं.

पट्टी भरल्यावर ‘किती?’ विचारलं की पुन्हा एकपासून मोजतो, अशी तक्रारही काही पत्रांत आहे. पट्टीवर कापड टाका आणि मग विचारा. मोजायला काही दिसत नसलं की शेवटचा आकडाच सांगावा लागतो. हे स्थिर झालं की जेवणाची ताटं मांडण्याचं काम त्याच्याकडे सोपवा, आणि आठवड्यातून एकदा आजी-आजोबांना किंवा शेजाऱ्यांना जेवायला बोलवा. रोज चारच ताटं असतील तर तो मोजत नसतो, नुसती सवय चालते.

प्रश्न : मुलगी थेरपी सेंटरवर सगळी कामं करते. घरी मात्र प्रत्येक गोष्टीला ‘हं, पुढे’ म्हणावं लागतं, त्याशिवाय हात हलत नाही. आळस म्हणायचा का?
— वडील, नाशिक

उत्तर : नाही. ‘हं, पुढे’ हा आता त्या कामाचाच एक भाग झाला आहे. दिलेल्या मदतींमध्ये तोंडी मदत काढून घेणं सर्वांत अवघड असतं. हाताला केलेला स्पर्श आखडता घेता येतो, शब्द अर्धा म्हणता येत नाही. आठवडाभर काम चालू असताना तोंड बंद ठेवा. मुलीच्या मागे उभे राहा, समोर नको. हात थांबला तर मनात दहापर्यंत मोजा, मग कोपराला मागून हलकेच पुढे करा, पुढच्या वेळी नुसता स्पर्श, त्यापुढे तोही नाही.

शब्दांची जागा मांडणीनं भरून काढावी लागते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेल्या मुलांसाठी उभा केलेला ‘टीच’ हा कार्यक्रम १९७२ मध्ये त्या राज्यभर सुरू झाला. त्यातली मांडणी आपल्याकडच्या अनेक विशेष शाळांत वापरतात आणि घरच्या टेबलावरही ती सहज बसते. काम काय, किती, संपलं हे कसं कळणार आणि मग काय, या चार प्रश्नांची उत्तरं मुलीला कुणाला न विचारता दिसली पाहिजेत. डाव्या हाताला तीन डबे एकावर एक, उजव्या हाताला जमिनीवर मोठी टोपली. डबा घ्यायचा, काम करायचं, टोपलीत टाकायचा. तिन्ही डबे संपले की तिथे तिच्या आवडीच्या गोष्टीचा फोटो. एका डब्याचं काम दोन ते चार मिनिटांत व्हायला हवं.

डब्यात काय घालायचं? सहा मोज्यांच्या जोड्या लावून चिमटे लावणं. पाच पाउचमध्ये प्रत्येकी एक साबण, एक ब्रश, एक कंगवा भरणं. १ ते ५ आकडे लिहिलेल्या पुठ्ठ्यांना तेवढे चिमटे लावणं. यात बोटांची ताकदही वाढते, जी पुढे बटणांना लागते. प्रत्येक वस्तू मोजून ठेवा. एक जादा चिमटा उरला तर काही मुलांच्या दृष्टीनं काम संपलेलंच नसतं. चिमट्याची स्प्रिंग कडक असेल तर मुलगी काम टाळते आणि आपण समजतो की आकडे येत नाहीत. आधी स्वतः लावून बघा.

एक चूक घरोघरी होते. मूल काम पुरं करतं आणि आपण तिथेच, त्याच्यासमोर डबा उपडा करून सगळं सुटं करतो, उद्यासाठी. केलेलं मोडलेलं बघून पुढच्या वेळी मूल डबा फेकतं. सुटं करायचं ते ती झोपल्यावर.

प्रश्न : मुलगा दुसरीत, मराठी माध्यम. पंचवीस सांगितलं की ५२ लिहितो. लिहिलेलं २५ मात्र वस्तू ठेवून बरोबर दाखवतो.
— आई, बीड

उत्तर : तो ऐकतो तसं लिहितो आहे. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतो. ही अडचण सगळ्याच मराठी मुलांना काही काळ येते. शब्दशः ऐकणाऱ्या मुलाला ती जास्त दिवस पुरते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत दिली गेली तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्ष गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या. वाद काही असो, तुमच्या मुलासाठी ती पद्धत औषधासारखी आहे, बिनधास्त वापरा.

आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावा. लांब कार्डावर २०, अर्ध्या लांबीच्या कार्डावर ५. दोन गठ्ठे लांब कार्डावर, पाच सुट्या काड्या छोट्यावर. मग छोटं कार्ड लांब कार्डावरच्या शून्यावर ठेवायचं, २५ दिसतो. म्हणताना ‘वीस पाच, पंचवीस’ असं जोडीनं म्हणा. तोंडी सांगून लिहायला लावणं दोन-तीन महिने बंद ठेवा. ‘एकोण’वाले आकडे वेगळे काढा: एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी, हे तीन गठ्ठे ठेवून त्यातली एक काडी काढून दाखवायचं. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा नियम पाळला जातो, नव्व्याण्णव मात्र तो मोडतो. ते आधीच सांगून टाका, कारण नियम मोडलेला या मुलांना खपत नाही.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या पालकांसाठी: देवनागरी आकडे मुद्दाम शिकवा. बसवरचे मार्गक्रमांक अनेक ठिकाणी मराठी आकड्यांत असतात. १ हा इंग्रजी नऊसारखा आणि ४ हा इंग्रजी आठसारखा दिसतो; चुकीची बस पकडायला एवढं पुरतं.

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची. बेरीज येते, वजाबाकी नाही. एकटीनं दुकानात जायची तिला फार इच्छा आहे. सुटे पैसे परत घ्यायचा हिशेब कसा शिकवावा?
— आई, ठाणे

उत्तर : वजाबाकीची वाट पाहात बसू नका. दुकानात जायला ती लागत नाही. शंभरच्या आतल्या खरेदीसाठी ‘एक जास्त’ ही रीत शिकवा. पाकिटात दहाच्या दहा नोटा, दुसरं काही नाही. किंमत ३७ असेल तर पहिला आकडा तीन, त्याला एक जास्त, म्हणून चार नोटा. किंमत ८ असेल तर एक नोट. चाळीसला ती पाच नोटा देईल, देऊ द्या. एक नोट परत येईल, बिघडत काही नाही. तो अपवाद सुरुवातीलाच शिकवलात तर मूळ रीतच डळमळते. ९० च्या वरच्या किमतीला सगळ्या दहा.

नोटा खऱ्याच घ्या. खेळण्यातल्या नोटांवर शिकलेलं दुकानात उतरत नाही. रंगावरूनही शिकवू नका: नवी शंभरची जांभळट, नवी पन्नासची निळी, पण त्यांच्या जुन्या नोटाही चलनात आहेत आणि त्यांचे रंग वेगळे. जुन्या-नव्या मिसळून आकडा बघून गठ्ठे लावायचा सराव द्या. नाणी सध्या बाजूला. एक आणि दोन रुपयांची नाणी इतक्या आकारांत आली आहेत की मोठ्यांचीही फसगत होते.

परत मिळणाऱ्या पैशांबाबत तिनं करायचं एवढंच: नोटा दिल्यावर हात पुढे ठेवून उभं राहायचं, मिळालेले पैसे आणि पावती न मोजता पाकिटाच्या दुसऱ्या कप्प्यात टाकायची. हिशेब घरी तुम्ही करा. उभं राहणं हीच खरी अवघड पायरी आहे, कारण वस्तू हातात आली की तिच्या दृष्टीनं काम संपलं. म्हणून आधी घरी दुकान मांडा आणि मुद्दाम अर्धा मिनिट उशीर करा. मग गर्दी नसलेल्या वेळी, दुपारी, ओळखीच्या दुकानात, तुम्ही दारात उभ्या. मग तुम्ही रस्त्याच्या कोपऱ्यावर. दुकान बदलाल तेव्हा पुन्हा दारापासून सुरुवात.

फोननं पैसे देण्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं आहे. आमचं मत, रोख आधी. फोनवर ४० आणि ४०० यांत फरक फक्त एका शून्याचा. नोटांत तो हाताला जाणवतो. पुढे २०२४ मध्ये आलेली ‘यूपीआय सर्कल’ ही सोय बघा. तिच्या नावाचं बँक खातं नसतानाही तुमच्या खात्यातून ती पैसे देऊ शकते. त्यात दोन प्रकार आहेत: एकात महिन्याची मर्यादा ठरवून तिला मोकळीक, दुसऱ्यात प्रत्येक व्यवहाराला तुमच्या फोनवर तुमची मंजुरी. दुसराच निवडा. आणि एक नियम ठळक लिहून फोनच्या कव्हरमध्ये घाला: ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही.’

प्रश्न : सोळा वर्षांच्या मुलाला स्वयंपाकाची आवड आहे. पण ‘चवीनुसार मीठ’, ‘थोडं पाणी’ म्हटलं की गोंधळतो, चिडतो.
— वडील, पुणे

उत्तर : चिडणं रास्त आहे. ‘थोडं’ हे काही माप नव्हे. घरच्या पाककृती आधी मापात लिहून काढा. सुरुवात गॅसशिवाय करा, लिंबू सरबतानं. २०० मिलीचा पारदर्शक ग्लास, अर्धं लिंबू, पाच मिलीच्या मापानं चार सपाट चमचे साखर, पाव चमचा मीठ. ‘सपाट’ म्हणजे काय ते हातानं दाखवा: चमचा भरून घेतल्यावर सुरीच्या पाठीनं वरचा ढीग डब्यातच ओढायचा. पाण्याच्या दोन रेषा ग्लासावर बाहेरून रंगीत टेपनं आखा, एक तळाशी चौथ्या हिश्शावर, एक वर.

नेमकं कुठे चुकतं? चार चमचे घालताना तिसऱ्यानंतर कुकरची शिट्टी झाली, की मोजणी हरवते. मग तो पहिल्यापासून घालतो किंवा हात थांबतो. ओट्यावर बाटलीची चार झाकणं उलटी मांडा, चमचा घातला की एक सुलटं करायचं. सगळी सुलटी, साखर झाली. दुसरी चूक ढवळण्याची. गार पाण्यात साखर सावकाश विरघळते. खालच्या रेषेपर्यंत पाणी घेऊन त्यातच साखर-मीठ ढवळावं, ग्लास डोळ्यांच्या उंचीवर धरून तळाला दाणा दिसत नाही हे बघावं आणि मगच लिंबू पिळून वरच्या रेषेपर्यंत पाणी घालावं. पायऱ्यांचे फोटो वेल्क्रोनं पट्टीवर लावा, झालेला फोटो काढून खालच्या खिशात. केलेलं सरबत त्यानं प्यायलाच हवं अशी सक्ती नको. चव आवडत नसेल तर ते घरातल्यांसाठी.

पुढे भात. इथे गुणोत्तर आपोआप येतं: तांदूळ एक वाटी, पाणी दोन वाट्या, वाटी तीच. दोन वेगळ्या वाट्या वापरल्या की भात फसतो, आणि का फसला हे त्याला कळत नाही. शिट्टीचा त्रास होत असेल तर विजेवरचा राइस कुकर घ्या, त्यात संपल्याची खूण दिव्याची असते.

प्रश्न : ‘पाच मिनिटांत निघू’ म्हटलं आणि दहा झाली की मेल्टडाउन, म्हणजे ताबा सुटून रडणं-ओरडणं. घड्याळ शिकवणं सुरू आहे, पण ‘पावणेसात’ला अडलो आहोत.
— आई, मुंबई

उत्तर : पाच म्हणाल तर पाचच. नक्की माहीत नसेल तर मिनिटं सांगूच नका, ‘बाबांचा फोन आला की निघू’ असं सांगा. घड्याळ आधी अंकांचं शिकवा: ६:४५. पावणे-सव्वा-साडे हे वर्षभरानं आलं तरी चालेल, कारण ‘पावणेसात’मध्ये सात ऐकू येतो आणि घड्याळात सहा असतो. टायमरचा आवाज सहन होत नसेल तर वाळूचं घड्याळ.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे. पाळी यायच्या आधी काय तयारी करावी? तिला तारखांचं फार वेड आहे.
— आई, कोल्हापूर

उत्तर : तयारी आत्ताच करा, पाळी आल्यावर नव्हे. चड्डीच्या आतून कायम शाईच्या पेननं पॅडची बाह्यरेषा काढा, पंखांसकट. पॅड त्या रेषेत बसवायचं, एवढीच सूचना. रोज दहा मिनिटं कोरडं पॅड घालून राहायचा सराव. बेचैन झाली तर पॅडचा प्रकार बदलून बघा: जाळीचा पृष्ठभाग काहींना टोचतो, काहींना कागदाची चुरचुर सहन होत नाही, वासाचे पॅड तर नकोतच. शिकवताना शेवटची पायरी आधी तिच्याकडे द्या, म्हणजे गुंडाळलेलं पॅड कचऱ्याच्या डब्यात टाकणं. मग गुंडाळणं, मग काढणं, असं उलटं मागे या. खाण्याच्या लाल रंगाचे थेंब टाकून भरलेलं पॅड कसं दिसतं तेही दाखवा. रक्त म्हणजे लागलं, एवढंच तिला आजवर माहीत असतं; हे लागलेलं नाही हे चित्रासकट सांगायला हवं.

‘भरलं की बदल’ असं सांगू नका, वेळा ठरवा. चार ते सहा तासांनी बदलायचं असतं, म्हणून घरून निघताना, शाळेच्या मोठ्या सुट्टीत, घरी आल्यावर आणि झोपण्याआधी. थेंबभर असलं तरी त्या वेळी बदलायचं. शाळेत कुणाला सांगायचं त्या दोन बाईंचे फोटो पाउचमध्ये ठेवा, म्हणजे ती वर्गात मोठ्यानं जाहीर करणार नाही.

कॅलेंडर वापरा, पण एक तारीख सांगू नका. सुरुवातीच्या वर्षांत दोन पाळ्यांमधलं अंतर २१ ते ४५ दिवसांपर्यंत कितीही असू शकतं. ‘अठ्ठावीस दिवसांनी’ असं सांगितलंत आणि आली नाही, तर तो दिवस घरात कुणालाच सोपा जात नाही. पाळीच्या पहिल्या दिवसावर लाल ठिपका, एकविसाव्या दिवसापासून पंचेचाळिसाव्यापर्यंत पिवळी पट्टी आणि तिला सांगायचं, ‘पिवळ्यात कधीही’. पट्टी संपूनही आली नाही तर तिनं तुम्हाला सांगायचं, तुम्ही डॉक्टरांना. पॅड मोजून डब्यात ठेवायचं काम तिचंच. तळाशी शेवटच्या दोन पॅडच्या वर लाल कार्ड ठेवा. कार्ड दिसलं की ते तुमच्या हातात आणून द्यायचं आणि नवीन पाकीट आणायला तुमच्याबरोबर यायचं.